परतीच्या पिशवीत काळा मसाला

पत्र थोडक्यात असं आहे: "ताई नमस्कार. मी अमळनेरची. तीन वर्षं झाली घरूनच काळा मसाला, लसणाची चटणी, बिबडे (ज्वारीचे पापड) आणि कळण्याच्या भाकरीचं पीठ विकते, व्हॉट्सॲप आणि इन्स्टावर. गिऱ्हाईक आहे पण तेच ते ओळखीचं. मागच्या दिवाळीत रील बूस्ट करायला ६,००० रुपये घातले, ऑर्डरी आल्या ९. जेठ म्हणतात जळगावला गाळा घे, महिना १८,००० भाडं आणि १ लाख डिपॉझिट. पुण्याची भाची म्हणते मामी पॉप-अप कर, तिकडे एका प्रदर्शनात ३ दिवसांचे २५,००० मागताहेत. पॉप-अप म्हणजे जत्रेतला स्टॉलच ना? मग त्याला एवढे पैसे कशाला? का गाळाच घेऊ? तुमची, मसालेवाली."

पोरी, पत्र वाचून आधी हसूच आलं, कारण जेठ एकीकडे ओढताहेत, भाची दुसरीकडे, आणि मसाला भाजणारी तू मधे. पण प्रश्न बरोबर विचारलास. हो, जत्रेतला स्टॉलच तो. आपल्याकडे सारंगखेड्याला दत्त जयंतीला, अमळनेरला तुमच्याच बोरी नदीच्या पात्रात, धुळ्याला एकवीरेच्या यात्रेला, माणसं पिढ्यान्‌पिढ्या दुकान बांधतात, विकतात, सोडून नेतात. पाल ठोकलं की दुकान, काठ्या उपटल्या की मोकळं मैदान. तेच शहरवाल्यांनी काच-लाइट लावून केलं की पॉप-अप.

फरक कुठे आहे तर हेतूमध्ये. जत्रेतला बांगडीवाला माल संपवायला येतो, पॉप-अप लावणारा ओळख करून घ्यायला येतो आणि जमलं तर माल विकतो. अमेरिकेत टार्गेट म्हणून मोठी दुकानांची साखळी आहे, २००२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये तिचं एकही दुकान नव्हतं, तर तिने नाताळाच्या तोंडावर हडसन नदीच्या धक्क्याला एक बोट लावली आणि बोटीतच थोडे दिवस दुकान चालवलं. मॅनहॅटनमध्ये खरं दुकान उघडलं ते थेट २०१० ला. दुसरं उदाहरण जपानी रेई कावाकुबोच्या कॉम द गार्सों या कपड्यांच्या कंपनीचं, तिने २००४ मध्ये बर्लिनला एका जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या जागेत गुरिल्ला स्टोअर उघडलं, जागा होती तशीच ठेवली, फर्निचर-बिर्निचरच्या भानगडीत पडली नाही, आणि एका वर्षात बंद करायचं हे पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. ही दोन उदाहरणं तुला एवढ्यासाठी सांगितली की आपल्याकडे पॉप-अप म्हटलं की लोक आधी डेकोरेशनवाल्याला फोन लावतात, त्याची गरज नसते.

तर आता तुझं बघू. मसाला ही वासावर विकणारी वस्तू. तुझ्या रीलमध्ये कढई दिसते, धूर दिसतो, गाणं ऐकू येतं, फक्त वास येत नाही. म्हणून ६,००० ला ९ ऑर्डरी, म्हणजे एक गिऱ्हाईक तुला ६६७ रुपयांना पडलं आणि त्यातल्या कितींनी पुन्हा मागवलं ते तू लिहिलंच नाहीस, बहुतेक मोजलंच नसणार. माणसाला वासापर्यंत आणायचं असेल तर कुठेतरी टेबल लावावंच लागणार, त्यामुळे भाचीचं म्हणणं मला पटतं. तिची जागा आणि वेळ मात्र पटत नाही.

आणि जेठांचं? गाळा घेतलास तर ११ महिन्यांचं भाडंच १,९८,००० होतं, डिपॉझिट वेगळं, त्यात अमळनेरहून रोज जळगावला ये-जा, आणि मुख्य म्हणजे जळगावात बसून विकणार कोणाला? तिथल्या बाईला काळा मसाला विकायचा म्हणजे नदीकाठी पाणी विकण्यासारखं. चैत्र-वैशाखात घराघरात मिरच्या निवडायला बसतात, नंदुरबारची मिरची आणतात, खोबरं-कांदा भाजतात, कांडपावर नंबर लावतात. तुझं पाकीट हातात घेऊन ती म्हणणार, हाई तं आमना घर बी व्हस. आणि खरंच होतो गं, कदाचित तुझ्यापेक्षा चांगला.

मग घेणार कोण? जो खान्देशातून बाहेर गेलाय तो. पिंपरी-चिंचवडला कंपनीत आहे, नाशिकला सिडकोत राहतो, सुरतला उधना-लिंबायतला दोन पिढ्या झाल्या, कल्याण-डोंबिवलीला आहे. ज्याच्या घरी शेवभाजी करायची इच्छा आहे पण मसाला आईकडून येतो आणि आई आता थकली. हा माणूस वर्षातून दोनदा स्वतःच्या पायाने तुझ्याकडे चालत येतो. दिवाळीला आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला. तुला पुण्याला जाऊन २५,००० देऊन त्याला शोधायची गरजच काय, तो परत निघाला की रस्त्यात गाठ! येताना पिशवी रिकामी असते, जाताना भरायची असते.

म्हणून तुझा पॉप-अप दिवाळीच्या आधी नको. दिवाळीआधी लोक फराळ, कपडे, सोनं यात असतात, मसाल्याला कोण विचारतंय. भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवसापासून ते जळगावच्या रथापर्यंत, म्हणजे कार्तिकी एकादशीपर्यंत, हे आठ-नऊ दिवस तुझे. जागा जळगावलाच, पण फुले मार्केट किंवा गोलाणी मार्केटमध्ये नको, तिथे गावातलंच गिऱ्हाईक जास्त. स्टेशन किंवा बसस्टँडच्या रस्त्यावर बघ, जिथे माणूस हातात बॅग घेऊन गाडीच्या अर्धा तास आधी उभा असतो. पूर्ण गाळा मिळाला नाही तर कोणाच्या तरी चालत्या दुकानाचा ओटा माग, एखादं मिठाईचं नाहीतर साडीचं दुकान, विक्रीवर दहा टक्के देते म्हण. आठ दिवसांसाठी मला तर ओटाच बरा वाटतो, दुकानाची माणसं आधीच येत असतात, रात्री माल आत ठेवता येतो, लाइट त्यांचीच.

गाळाच घेतलास तर मात्र तोंडी व्यवहार करू नको, आठ दिवसांचा असला तरी. आपल्या राज्यात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि रजिस्टर करावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. मालक म्हणेल आठ दिवसांसाठी कोण करतं, तर त्याला सांग मग ओटाच बरा.

हे इतकं ठासून सांगते कारण माझं पोळलंय. बरीच वर्षं झाली, मी नागलीचे पापड आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन एका मोठ्या शहरातल्या प्रदर्शनाला गेले होते. आयोजकांनी फोनवर सांगितलं ताई तुम्हाला एन्ट्रीजवळचा स्टॉल, पोचले तर स्टॉल जनरेटरच्या मागे, पलीकडे बाथरूमची लाइन. कागद काहीच नव्हता, भांडणार कशावर. तीन दिवसांत ११,४०० ची विक्री झाली आणि खर्च झाला १९,०००. बरं ते जाऊ दे, स्टॉल त्यांनी वाईट दिला पण दुसरी चूक माझीच होती. माझा फोन नंबर छापला होता कॅरीबॅगवर, आणि कॅरीबॅगा दुसऱ्याच दिवशी दुपारी संपल्या, मग मी सगळ्यांना रद्दीत गुंडाळून देत बसले!! शेकडो लोकांनी चटणी चाटून वा म्हटलं, घरी नेली, खाल्ली, आणि संपल्यावर मला शोधायला काहीच नव्हतं त्यांच्याकडे. माझ्याकडेही त्यांचं काही नव्हतं. एक मेसवाल्या बाई दोन महिन्यांनी तीन जणांना विचारत विचारत माझ्यापर्यंत आल्या तेव्हा कळलं की आपण काय घालवून बसलोय.

तेव्हा नंबर पाकिटावर, पिशवीवर नाही. आणि एक वही. शंभर पानी, साधी. नाव, फोन, राहतात कुठे, काय नेलं. लोक फोन नंबर द्यायला कुरकुर करतात, तर म्हणायचं दादा मसाला कुरिअरने पाठवते, संपला की फक्त मेसेज टाका, नंबर सेव्ह करून ठेवू का? विचारून लिही. उगीच ग्रुपमध्ये टाकून रोज सकाळी गुड मॉर्निंग पाठवलंस तर दोन दिवसांत ब्लॉक होशील. पॉप-अपची खरी कमाई ही वही, गल्ला नको असं नाही म्हणत मी, गल्ला पण मोजायचाच, पण वही जास्त जपून ठेव.

आता जरा हिशोब करू, आकडे मी अंदाजाने धरते, तुझे तू घाल. समज गाळा ८ दिवस रोज १,००० ने, झाले ८,०००. लाइटचे ५००, बॅनर आणि टेबलाचं कापड २,५००, चाखायला द्यायचा माल १,५००, मदतीला एक मुलगी रोज ४०० ने ३,२००, टेम्पो १,५००. एकूण १७,२००. पाव किलोचं पाकीट १८० ला, तुला पडतं ११०, सुटतात ७०. म्हणजे खर्च निघायला २४६ पाकिटं, रोजची ३१. जड नाही पण सोपंही नाही. समज विकली गेली १५० च. सुटले १०,५००, खड्डा ६,७०० चा. आता जेठ म्हणतील बघ, बुडाली. पण वहीत ६० नवीन माणसं लिहिली गेली असतील तर एक माणूस तुला ११२ रुपयांना पडला, आणि त्याने वर्षात दोनच पाकिटं परत मागवली तरी १४० सुटतात. रीलवरचं गिऱ्हाईक ६६७ ला पडलं होतं, आठवतंय ना. आणि वहीत ६० च्या जागी १० च नावं आली तर मात्र मीच म्हणेन की हे आपलं काम नाही. ओटा घेतलास तर ८,००० आणि लाइटचे ५०० वाचतात, कमिशन जातं, १५० पाकिटांवर २,७००.

पण एकदम जळगावला उडी नको. आधी घरच्या घरी सराव कर. अमळनेरला मंगळग्रह मंदिरात दर मंगळवारी बाहेरगावचे केवढे लोक येतात ते मी तुला सांगायला नको, गाड्या कुठून कुठून असतात ते नंबरप्लेट बघून कळतं. मंदिराची जागा असेल तर संस्थानला विचार, रस्त्यावर असेल तर नगरपालिकेला, आणि चार मंगळवार फक्त एक टेबल लाव. विक्रीची चिंता करू नको, बघत राहा. लोक आधी कशाला हात लावतात, काय विचारतात, किंमत ऐकून कोणत्या पाकिटाला खाली ठेवतात. रेघा मार एका कागदावर, थांबले किती, चाखलं किती, घेतलं किती. मला वाटतं तुझं कळण्याचं पीठ मसाल्यापेक्षा जास्त चालेल, कारण ज्वारी-उडीद दळून देणारी गिरणी पुण्यात शोधावी लागते, पण हा माझा अंदाज, रेघा काय सांगतात ते खरं. बिबडे मात्र नेऊ नको फार, प्रवासात चुरा होतो आणि चुरा झालेला बिबडा घरी पोचला की दोष तुलाच. न्यायचेच तर कडक डब्यात, दहाच नग.

चाखायला काय द्यायचं? सुकी चटणी चमचाभर हातावर दिली तर माणूस खोकतो आणि पाणी मागतो. त्यापेक्षा छोट्या वाटीत दोन घोट शेवभाजीचा रस्सा आणि भाकरीचा तुकडा. पातेलं झाकण उघडं ठेवून मंद आचेवर, वास रस्त्यापर्यंत गेला पाहिजे. ओट्यावर शेगडी चालेल का ते आधी विचार, प्रदर्शनाच्या हॉलमध्ये तर गॅसला बहुतेक मनाईच असते, इंडक्शन न्यायचं तर पॉइंट किती लोडचा आहे हे विचारून घे, नाहीतर पहिल्याच उकळीला सगळ्या ओळीची लाइट जाते आणि शेजारचे आठ दिवस तोंड बघत नाहीत.

डिस्काउंट देऊ नको. लोकांना वाटतं तात्पुरतं दुकान म्हणजे सेल. एकदा १८० चं १५० ला दिलंस की घरून मागवताना तो १५० च देणार. त्यापेक्षा बंद व्हायची तारीख मोठ्या अक्षरात लिही, "रथाच्या दिवशी संध्याकाळी बंद", आणि खरंच बंद कर, विक्री जोरात असली तरी. दोन दिवस वाढवले की लोक म्हणतात ही इथेच असते, पुढच्या वेळी घेऊ.

बोर्डावर नाव एकच, पाकिटावर तेच, इन्स्टावर तेच. तुझ्या पत्राखालीच मला दोन वेगवेगळी नावं दिसली, आईच्या नावाचं एक आणि तालुक्याच्या नावाचं एक, त्यातलं एक ठरव आता. ठरलं की ट्रेडमार्कचा अर्ज कर, मसाल्याचा वर्ग ३० आहे, एकट्या माणसाला ऑनलाइन फी ४,५०० पडते. आज घाई नाही पण पॉप-अप चालला तर तुझ्याच नावाने दुसरं कोणी पाकीट काढायच्या आधी. आणि अमळनेरच्या बाईने ब्रँडला घाबरू नये, विप्रोचं मूळ तुमच्याच गावातल्या तेल-तुपाच्या कारखान्यात आहे, १९४५ चं.

कागदपत्रं दोन-तीन आहेत, पटकन सांगते. एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी खात्याचं, रजिस्ट्रेशन नसेल तर आधी ते, त्यांच्या नियमात तात्पुरता स्टॉल लावणाराही धरलेला आहे, त्यामुळे आठच दिवस म्हणून सुटका नाही. १४ आकडी नंबर पाकिटावर, हिरवा ठिपका, काय काय घातलंय, वजन, एमआरपी, बनवल्याची तारीख, किती दिवसांत वापरा, बॅच, तुझा पत्ता आणि तक्रारीचा फोन. हे सगळं स्टिकरवर बसतं. जीएसटी राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाच्या ४० लाखांपर्यंत लागत नाही. पण सुरतला किंवा बऱ्हाणपूरला स्टॉल लावायचा म्हटलंस, आणि कधीतरी म्हणशीलच कारण सुरत-भुसावळ लाइन तुझ्या दारातून जाते, तर ते दुसरं राज्य झालं, तिथे कॅज्युअल टॅक्सेबल पर्सन, म्हणजे तात्पुरता विक्रेता, म्हणून आधी रजिस्ट्रेशन लागतं, किमान ५ दिवस आधी अर्ज, अंदाजे टॅक्स आगाऊ भरायचा, ९० दिवस चालतं. हे एखाद्या सीएकडून करून घे, स्वतः करत बसू नको.

बचत गटात आहेस का ते लिहिलं नाहीस. असशील तर उमेदच्या, म्हणजे गटांच्या सरकारी अभियानाच्या, तालुक्याच्या ऑफिसला जाऊन ये, सरस प्रदर्शनांना गटांना तिथून पाठवतात, मुंबईच्या महालक्ष्मी सरसला खान्देशी जेवणासाठी लोक रांगा लावतात. आणि रेल्वेची वन स्टेशन वन प्रॉडक्ट म्हणून योजना आहे, २०२२ पासूनची, स्टेशनवर स्थानिक मालाला थोड्या दिवसांसाठी टेबल मिळतं आणि फी अगदी कमी असते. तू नाहीतरी परतीचाच माणूस धरायला बघतेस, त्याला प्लॅटफॉर्मवर धरण्यासारखी जागा नाही. स्टेशन मास्तरांना विचार.

दुसरा फेरा आखाजीला, तेव्हा जळगावही नको. आखाजीपासून वैशाखी पौर्णिमेपर्यंत तुमच्याच गावात सखाराम महाराजांची यात्रा, माहेरी आलेल्या पोरी गावात, त्या परत जाताना सासरी काहीतरी नेणारच. फक्त वैशाखाचं ऊन बघ, दुपारी १२ ते ५ कुत्रं सावली सोडत नाही, तेव्हा दुकान सकाळी आणि संध्याकाळी, आणि ओल्या खोबऱ्याची कुठलीही चटणी ठेवू नको. यूपीआयचा कोड छापून ठेव पण गर्दीत नेटवर्क बसतं, सुट्टे २,००० रुपये कमरेला असू दे, १० आणि २० च्या नोटा.

राहिलं भाचीचं २५,००० चं प्रदर्शन. यंदा नको. तिला म्हणावं आठ दिवसांच्या वहीत पुण्याची ३० नावं निघाली तर पुढच्या वर्षी त्यांनाच मेसेज करून, तुझ्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये एका रविवारचं टेबल लाव, मी येते. भाडं शून्य आणि यायची माणसं आधीच माहीत.

आणि जेठांना नाही म्हणू नकोस, त्यांचा मान ठेव. म्हण दादा, रथ झाला की सगळे आकडे तुमच्यासमोर ठेवते, मग गाळ्याचं बघू, आणि तोपर्यंत तुमचा टेम्पो ८ दिवस द्या. हिशोबात १,५०० टेम्पोला धरलेत, तेवढे वाचतील.